जळीत ऊस आणि एक कोरियन पिक्चर

मागच्या उन्हाळी सुट्टीत एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. 'सर, बर्निंग नावाचा कोरियन पिक्चर आहे, बघा. माझ्यावरच काढलाय.' थोड्या वेळाने दुसरा मेसेज: 'शेवट एकदम बरोबर आहे.'

हा मुलगा दहावीला माझ्याकडे मराठीला होता. निबंध असा लिहायचा, की मी तो दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवायचो. पुढे बीए केलं, माझ्यामागे लागून बीएड केलं, शिक्षक पात्रता परीक्षा पास झाला, अभियोग्यता चाचणीही दिली. आता पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल असा मोटरसायकलवर पाठीला भली मोठी पिशवी लावून पार्सलं पोचवतो. परवा माझ्याच दारात आला होता, मुलीने मागवलेली चप्पल घेऊन. ओटीपी सांगताना मला त्याच्याकडे बघवेना. तो मात्र हसत होता.

तर पिक्चर बघितला. 148 मिनिटांचा आहे. इशाची नमाज झाली की लॅपटॉप लावायचा, खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी थांबवून थांबवून वाचायच्या, असं करत तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री बायको शेजारी बसली आणि अर्ध्या तासाने 'ह्यात काय होतच नाही' म्हणून उठून गेली. तिचं चुकलं नाही. पुढचं वाचायच्या आधी सांगतो, मी शेवटही सांगणार आहे. ज्यांना पिक्चर बघायचाय त्यांनी आधी बघून यावं.

ली चांग-डोंग हा दिग्दर्शक. मुळात शाळेत कोरियन भाषा शिकवणारा मास्तर, मग कादंबरीकार, मग सिनेमावाला. 2003-04 मध्ये त्यांच्या देशाचा सांस्कृतिक मंत्रीही होता. आपल्याकडे मास्तरकी सोडून पुढारी झालेले ढिगाने सापडतील. मंत्रिपद सोडून परत आपल्या कामाला लागलेला मास्तर मात्र माझ्या बघण्यात नाही. 'बर्निंग' त्याने 2018 साली काढला, आधीच्या पिक्चरनंतर आठ वर्षांनी. हारुकी मुराकामी या जपानी लेखकाच्या एका छोट्या कथेवर तो बेतलाय आणि त्याच नावाची विल्यम फॉकनर या अमेरिकन लेखकाची 1939 ची कथाही त्यात मिसळलीय. दोन्ही कथांत गोठा-कोठार जाळणारा माणूस आहे. फॉकनरचा जाळणारा दुसऱ्याची जमीन कसणारा गरीब माणूस आहे, तो रागाने मालकाचं कोठार जाळतो. मुराकामीचा जाळणारा सुखवस्तू आहे, तो सहज म्हणून जाळतो. ली चांग-डोंगने या दोघांना समोरासमोर बसवलंय.

जोंग-सू हा शेतकऱ्याचा मुलगा. लेखनाचं शिक्षण घेतलेला, पण काम मिळेल तिथे हमाली-डिलिव्हरी करणारा. त्याला लहानपणीची शेजारीण हे-मी भेटते. ती दुकानाबाहेर नाचून गिऱ्हाईक बोलावते. तिची खोली उत्तरेकडे तोंड असलेली. तिथे ऊन येत नाही, फक्त दिवसातून एकदा टेकडीवरच्या मनोऱ्याच्या काचेवर आदळून एक कवडसा क्षणभर येतो. उष्टं ऊन म्हणा ना. ती आफ्रिकेला जाते, जाताना मांजर याच्यावर सोपवते. मांजर याला कधी दिसत नाही, वाटीतलं खाणं मात्र संपतं. ती परत येते तेव्हा तिच्यासोबत बेन असतो. पोर्शे गाडी, गंगनम भागात घर, स्वयंपाक स्वतः करणारा, गोड बोलणारा. काय करतोस म्हटलं तर म्हणतो, खेळतो. काम आणि खेळ यात मला आता फरक वाटत नाही.

मग एका संध्याकाळी हे दोघं जोंग-सूच्या गावी, पाजूला येतात. उत्तर कोरियाच्या सीमेजवळचं गाव, पलीकडच्या भोंग्यांवरचा प्रचार अंगणात ऐकू येतो. बाप सरकारी माणसाला मारल्यामुळे कोठडीत, आई लहानपणीच निघून गेलेली, गोठ्यात एक वासरू. तिथे पडवीत बसून बेन सांगतो: मला एक छंद आहे. दोनेक महिन्यांनी एखादं पडीक हरितगृह निवडतो आणि पेटवतो. दहा मिनिटांत खलास. पोलीसही लक्ष देत नाहीत. पुढचं तुझ्या घराच्या अगदी जवळचं असेल.

त्यानंतर जोंग-सू रोज पहाटे पळत सुटतो, गावातलं एकेक हरितगृह तपासत. एकही जळत नाही. हे-मी मात्र नाहीशी होते. बेनच्या न्हाणीघरातल्या खणात याला बायकांच्या बारीकसारीक वस्तूंमध्ये एक गुलाबी घड्याळ सापडतं, त्याने हे-मीला दिलं होतं तसंच. बेनच्या घरी एक मांजर निघतं, ते हे-मीच्या मांजराच्या नावाला ओ देतं, निदान तसं वाटतं. पुरावा म्हणावा असं एकही नाही. शेवटी जोंग-सू बेनला माळावर बोलावतो, भोसकतो, पोर्शेसकट पेटवून देतो.

'शेवट एकदम बरोबर आहे.' तो मेसेज मला तिसऱ्या रात्री झोपू देईना.

आपल्या भाषेत एक सोय आहे, ती इंग्रजीत नाही. लाकूड जळतं, ऊस जळतो, आणि शेजारीही जळतो. आमच्या घरातल्या दखनीतही तेच, 'वो अपनेपर जलता'. पिक्चरचं नाव इंग्रजीत वाचणाऱ्याला आग दिसते. आपल्याला आगीच्या मागे पोटातलं दुखणंही दिसतं. उर्दूच्या तासाला मी मुलांना हसद आणि रश्क यातला फरक शिकवतो. त्याला मिळालं तसं मलाही मिळावं, हे रश्क. त्याला मिळालं ते त्याच्याकडून जावं, मला नाही मिळालं तरी चालेल, हा हसद. मराठीत शिकवताना पंचाईत होते, कारण 'हेवा' दोन्हीकडे चालतो. मकतबमध्ये आमचे मौलवीसाहेब हसदची तुलना सरपण खाणाऱ्या आगीशी करायचे. सूरह फलक रोज पढतो आपण, तिच्या शेवटी हासिदच्या वाईटापासून पनाह मागितलेली आहे. इतकी वर्षं पढताना माझ्या मनात कायम कोणीतरी दुसराच यायचा, माझं वाईट चिंतणारा. पनाह दुसऱ्या कोणाला माझ्यापासूनही लागत असेल, हे सुचायला एक कोरियन पिक्चर बघावा लागला.

आता मूळ गोष्टीवर येतो.

माझ्या चाचांचं गावाजवळ दीड एकर रान होतं, आजोबांपासूनचं. अब्बा शिंपी, पेठेत मशीन टाकून बसायचे. रान चाचांनीच बघितलं. 1994 च्या हिवाळ्यात, मी नववीत असताना, त्या दीड एकरातला ऊस एका रात्री जळाला. नोंद झालेली होती, पण तोड आलेली नव्हती. टोळी आज येते, उद्या येते, असं महिनाभर चाललं होतं. आम्ही अंधारात पळत गेलो तेव्हा पाचटाचा कडकडाट लांबून ऐकू येत होता. उभा ऊस पेटला की विझवायचं काही नसतं, शेजारच्या रानात जाऊ नये म्हणून माणसं बांधावर ओल्या फांद्या घेऊन उभी राहतात. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, ऊस सगळा जळून जात नाही. पाला जातो, वाडं जातं, जनावरांची वैरण जाते आणि काळी कांडी उभी राहते. ती दोन-चार दिवसांत गाळायला गेली तर गेली, नाहीतर वजन उतरतं, रस बिघडतो. कारखाना जळीत म्हणून दर कापतो. तोडणाऱ्यांना मात्र बरं असतं, पाला सोलायचा नसतो. म्हणून कधीकधी तोडीसाठी मुद्दामही ऊस पेटवतात, शेतकरीच पेटवतो. आपल्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे.

चाचांचा ऊस कोणी पेटवला, याचं उत्तर आमच्या घरात सकाळपर्यंत तयार होतं. रानाच्या दोन बाजूंना एका मोठ्या बागायतदाराची जमीन होती आणि मधला हा दीड एकर त्यांना हवा होता. दोनदा विचारून झालं होतं. 'उनोच लगाए, और कोन?' अम्मी म्हणाली, आणि तेच कायम झालं. पोलिसांत तक्रार द्यायला कोणी गेलं नाही. कोणाविरुद्ध देणार? दोन वर्षांनी चाचांनी रान विकलं, त्यांनाच विकलं. भाव बरा दिला होता त्यांनी, हेही लिहायला पाहिजे. आज तिथे द्राक्षबाग आहे. शाळेला जायचा माझा रस्ता तिच्या कडेने जातो. एप्रिल छाटणीनंतर बाग उघडी पडली, की मला अजून तिथे काळी कांडी दिसतात.

त्या बागायतदाराचा मुलगा माझा वर्गमित्र. त्याच्याविषयी लिहिणं अवघड आहे, कारण त्याने माझं कधी काही वाईट केलं नाही. त्याचा शाळेचा गणवेश अब्बा शिवायचे, घरी पोचवायला मी जायचो. त्याची आई मला आत बोलवून बसायला लावायची, लाडू द्यायची. तो मला त्याच्या सायकलवर डबलसीट घ्यायचा. पुढे तो पुण्याला शेतकी शिकायला गेला, मी बीएड केलं. मला एका संस्थेत नोकरी लागली. लागली म्हणजे कशी, हे संस्थेत नोकरी धरलेल्यांना सांगायला नको. दीड लाख कमी पडत होते. ते त्याने दिले. कागद नाही, व्याज नाही, 'सवडीनं दे' एवढंच म्हणाला. मी सहा वर्षांत फेडले. त्याने एकदाही विचारलं नाही. शेवटचा हप्ता दिला तेव्हा तो मोबाईलवर कोणाशी तरी औषध फवारणीचं बोलत होता. पैसे न मोजता खिशात टाकले आणि हाताने 'बस, चहा घे' अशी खूण केली. ते न मोजणं मी अजून विसरलो नाही.

'बर्निंग'मध्ये बेन जोंग-सूचा कधीच अपमान करत नाही. ह्यात ली चांग-डोंगचा सगळा डाव आहे. बेन त्याला जेवायला बोलवतो, मित्रांशी ओळख करून देतो, याला फॉकनर आवडतो कळल्यावर फॉकनरचं पुस्तक आणून वाचतो. फक्त एकदा, हे-मी त्याच्या मित्रांसमोर आफ्रिकेतला नाच करून दाखवत असते तेव्हा जोंग-सूची नजर बेनवर जाते, आणि बेन जांभई देतो. तोंड दाबून, सभ्यपणे. जोंग-सूने ती जांभई बघितलीय हे कळल्यावर त्याच्याकडे बघून हसतो. शिवी दिली असती तर उलटी देता आली असती. जांभईला काय उत्तर देणार?

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त जब्या शेवटी दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्याकडे येतो. तिथे कोणाचं चुकलं हे ठाऊक आहे, जब्यालाही आणि आपल्यालाही. पुढे 'पॅरासाइट'ला ऑस्कर मिळालं तेव्हा सगळ्यांनी कोरियातली गरिबी-श्रीमंती बघितली. त्यातही वरचे कोण, खालचे कोण, हे जिन्याच्या पायऱ्यांइतकं स्पष्ट आहे. 'बर्निंग' त्याहून अस्वस्थ करतो, कारण इथे गरिबी खरी आहे, बेकारी खरी आहे, घरातल्या टीव्हीवर बेकार तरुणांचे आकडेही येतात. गुन्हा मात्र खरा आहे की नाही ते कळत नाही. पण जोंग-सूला गुन्हा पाहिजे. बेन खुनी नसेल तर मग तो नुसता श्रीमंत आहे, आणि नुसत्या श्रीमंत माणसाचं काय करायचं?

त्यात एक विहिरीचा प्रसंग आहे. हे-मीने सांगितलेलं असतं, की लहानपणी ती विहिरीत पडली होती आणि जोंग-सूने तिला शोधलं. त्याला ते आठवत नाही. ती गेल्यावर तो गावात विचारत फिरतो. तिच्या घरचे म्हणतात, विहीर नव्हतीच. गावातला जाणता माणूस म्हणतो, नव्हती. याला सोडून गेलेली आई कित्येक वर्षांनी भेटते, ती म्हणते, होती की, कोरडी होती. मी तिथे पिक्चर थांबवला आणि बराच वेळ तसाच बसलो.

कारण चाचा गेले त्याच्या आधीच्या रमजानमध्ये त्यांनी मला एकट्याला गाठून सांगितलं होतं, की रानावरनं जाणारी विजेची तार लोंबत होती. वारा सुटला की दोन तारा एकमेकींना लागून ठिणग्या पडायच्या. आठ दिवस बघत होतो, म्हणाले. अर्ज द्यायला जाणार होतो, राहूनच गेलं. मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाही? ते म्हणाले, कोणी विचारलंच नाही.

मी अम्मीला विचारलं. ती शेवया चाळत होती. म्हणाली, 'तेरे चाचा भोले थे. उनोच लगाए.' तार खरी की माणूस खरा, मला आजही ठरवता येत नाही. चाचांनी ते मला हलकं करायला सांगितलं असेल, असंही वाटतं. माझं मन त्यांना कळत असे.

आणि माझं मन तेव्हा चांगलं नव्हतं. 2019 चा ऑगस्ट सांगतो. कृष्णेला पाणी असं चढलं, की सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. इकडे भिलवडीची बाजारपेठ पाण्यात, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली सगळं वेढलेलं. 8 तारखेला ब्रह्मनाळला माणसं काढताना नाव उलटली, ती बातमी आली तेव्हा आम्ही शाळेत छावणीवर होतो. वर्गातली बाकं एका बाजूला लावून सतरंज्या टाकलेल्या. संध्याकाळी माझा वर्गमित्र त्याच्या आईला धरून आत आला. नदीच्या अंगाला नवीन बंगला बांधला होता त्याने, वास्तुशांतीला मी जेवून आलो होतो. बंगला पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होता. म्हातारी थरथरत होती. मी चादर दिली, खिचडी वाढली. आणि वाढताना माझ्या आत काहीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं, बरं झालं.

तेवढंच. नावेतली माणसं गेलेली त्या दिवशी, आणि मी खिचडी वाढत मनात 'बरं झालं' म्हणतोय. ज्या बाईने मला लाडू दिले तिच्याकडे बघत. मला दुसऱ्या क्षणी कळलं मी काय म्हटलं ते, पण म्हटलं होतं. त्याला अर्थात काही कळलं नाही. त्याने आईसाठी अजून एक पळी मागितली.

ह्यातलं कशाचंही मी कोणाशी बोललो नव्हतो. त्या पोराशी बोललो.

मेसेजला उत्तर लिहून तीनदा खोडलं आणि मग त्याला एसटी स्टँडजवळ चहाला बोलावलं. दुपारचे अडीच, त्याच्या पिशवीत अजून पार्सलं होती. मी विचारलं, शेवट बरोबर आहे म्हणजे काय? तो म्हणाला, 'सर, तुम्हाला वाटतं तसं नाही. मी काय कोणाला मारत नाही.' मग बशीत चहा ओतत म्हणाला, 'पण तुम्ही पार्सल द्यायला जावा एकदा. माझ्या बॅचची पोरं राहत्यात त्या सोसायटीत. दार उघडतात, पार्सल घेतात. एक जण तर भाऊ म्हणाला मला. ओळखलं नाही त्यानं. चार वर्षं एका बाकावर होतो.' मी गप्प. 'तो पोर्शेवालाबी असाच बघतोय बघा. असल्यासारखं नाही, नसल्यासारखं.'

मी त्याला ऊस सांगितला, तार सांगितली, दीड लाख सांगितले. छावणीचं सांगताना त्याच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत सांगितलं. मास्तरने विद्यार्थ्याला असं काही सांगावं का, हे मला माहीत नाही. त्याने सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

'मग जाळला कोणी, सर?'

मी म्हटलं, तारेने. नाहीतर त्यांनी. मला माहीत नाही. तो म्हणाला, 'पण रान गेलंच की.' ह्यावर माझ्याकडे काही नव्हतं. रान गेलं हे खरंच आहे. तार लोंबत असली तरी ती कोणाच्या रानावर लोंबते, टोळी कोणाकडे आधी येते आणि कोणाकडे महिनाभर येत नाही, हेही खरंच आहे. पण एवढ्या सगळ्यासाठी मी पंचवीस वर्षं एका माणसाच्या चेहऱ्यावर गुन्हा शोधत राहिलो, आणि तो चेहरा सायकलवर डबलसीट घेणाऱ्या पोराचा होता. हे मला त्याला सांगायचं होतं. नीट सांगता आलं नाही.

निघताना मी त्याला म्हटलं, खुनाच्या थोडं आधीचं एक दृश्य परत बघ. जोंग-सू हे-मीच्या त्या उत्तरेकडच्या खोलीत बसून लिहितोय. पिक्चरभर सगळ्यांना सांगत असतो मी लेखक आहे म्हणून, आणि बापासाठी केलेला विनंतीअर्ज सोडला तर त्याच्या हातून काही लिहून झालेलं आपण बघत नाही. तिथे पहिल्यांदा बसून लिहितो. कॅमेरा खिडकीतून बाहेर येत येत लांब जातो. बऱ्याच लोकांचं म्हणणं आहे, त्याच्यानंतरचं सगळं घडलेलं नाही, त्याने लिहिलेलं आहे. मलाही तसंच वाटतं, किंवा तसं वाटून घ्यायचंय. तू निबंध लिहायचास, म्हटलं. परत लिही.

त्याने मान हलवली. फोन वाजला, पार्सल कुठंय म्हणून कोणी विचारत होतं. 'आलो साहेब, पाच मिनिटांत,' म्हणत किक मारून गेला. चहाचे पैसे त्यानेच आधी देऊन ठेवले होते, हे मला तो गेल्यावर कळलं.

रात्री अकराला मेसेज आला.

'बघितलं सर. लिहितोय तो. तरीपण शेवट बरोबर वाटतो.'

उत्तर अजून दिलेलं नाही. उद्या तो परत येणार आहे. मुलीला चप्पल लहान होते, बदलून घ्यायचीय.